तीस पौंडांत तीस बाटल्या: ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वाइन किटचा दर्जा कसा ओळखायचा?

प्रश्न: आम्ही दोघं इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहतो. घरी वाइन करून पाहायची इच्छा आहे. ऑनलाइन शोधलं तर २३ लिटरचं, म्हणजे तीस बाटल्यांचं रेड वाइनचं किट तीस पौंडांना दिसतं, आणि तेवढ्याच बाटल्यांचं दुसरं ऐंशी पौंडांना. बादली, नळी वगैरे साहित्याचा सेट वेगळा. रिव्ह्यू वाचले तर निम्मे लोक 'अप्रतिम' म्हणतात, निम्मे 'मोरीत ओतली' म्हणतात. घ्यायच्या आधी दर्जा ओळखता येतो का? माझी बायको शाकाहारी आहे, तिला चालेल का? आणि पुण्याहून आई सारखी सांगते की घरची दारू विषारी होते. त्यात काही तथ्य आहे का? सुट्टीत तिकडे गेल्यावर असं किट करता येईल का?

उत्तर: मी नाशिक जिल्ह्यातल्या एका वायनरीच्या तळघरात आणि प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलं, मग इकडे आलो. इथे किटची वाइन बरीच वर्षं करतोय आणि इतरांनी केलेली चाखतोयही, बहुतेक वेळा त्यांच्या आग्रहाखातर.

आधी किमतीचा संशय मिटवू. बाटली एक पौंडाला पडते म्हणजे माल भिकार असणार, हा तर्क ब्रिटनमध्ये लागू पडत नाही. सुपरमार्केटमधली सहा पौंडांची बाटली घ्या. त्यातला एक पौंड व्हॅटचा. बारा टक्के अल्कोहोलच्या बाटलीवर मद्यकर अडीच पौंडांहून जास्त. राहिलेल्या दोन-सव्वादोन पौंडांत काच, बूच, लेबल, जहाज, ट्रक, दुकानदाराचा नफा, आणि हे सगळं भागल्यावर उरेल ती वाइन. स्वतःच्या घरी, स्वतःसाठी केलेल्या आणि न विकलेल्या वाइनवर इथे कर नाही. म्हणजे तुमच्या एका पौंडाची गाठ सहा पौंडांशी नसून त्यातल्या वाइनच्या इवल्याशा वाट्याशी आहे. तेव्हा स्वस्त किटमधून प्यायला बरी वाइन निघणं अजिबात अशक्य नाही.

मात्र तीस आणि ऐंशी पौंडांच्या किटमधला फरक खरा आहे, आणि तो जवळजवळ सगळा एका प्रश्नात सापडतो: पिशवीत द्राक्ष किती? खोक्यावरचं द्राक्षमळ्याचं चित्र, 'रिझर्व्ह', 'इटालियन शैली', सोनेरी अक्षरं या कशावरूनही हे कळत नाही. वजनावरून कळतं, आणि वजन सहसा उत्पादनाच्या माहितीत खाली कुठेतरी बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते शोधा आणि कागद-पेन घ्या.

किटमधला द्राक्षरस आटवलेला असतो, त्याला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. पुरता आटवलेला रस साधारण ६८ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये सुमारे ६८ ग्रॅम साखर. दुसरा आकडा असा, की वाइनमध्ये एक टक्का अल्कोहोल यायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्च होते. बारा टक्क्यांची २३ लिटर वाइन करायची तर १७ गुणिले १२ गुणिले २३, म्हणजे जवळपास ४.७ किलो साखर हवी. आता स्वस्त किटची माहिती बघा. 'कॉन्सन्ट्रेट १.७ किलो, साखर साडेतीन किलो तुम्ही घालायची' अशा धर्तीचं काहीतरी दिसेल. १.७ किलोत द्राक्षाची साखर जेमतेम १.१६ किलो. म्हणजे तुमच्या वाइनमधलं पाऊणएक अल्कोहोल किराणा दुकानातल्या साखरेचं आणि पाव द्राक्षाचं.

हे आणखी उघड करून सांगतो. वाइनच्या पिकलेल्या द्राक्षाच्या ताज्या रसात लिटरला साधारण २४० ग्रॅम साखर असते. म्हणजे १.१६ किलो साखर पावणेपाच-पाच लिटर रसातली झाली. सहा-साडेसहा बाटल्यांचा रस तीस बाटल्यांत वाटला जातोय. अचानक पाहुणे आले की आमटीत पाणी वाढवतात, त्यातलाच प्रकार. चव राहते, अंग राहत नाही. ते पातळपण झाकायला मग किटमध्ये ग्लिसरीन, सायट्रिक आम्ल, रंग आणि सुगंध येतात.

इथे एक फसगत होते. 'साखर घालायची गरज नाही' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं, म्हणजे सगळं द्राक्षच. तसं नसतं. साखर तुम्ही घालत नाही कारण ती ग्लुकोज सिरपच्या रूपात पिशवीत आधीच घातलेली असू शकते. याला उपाय म्हणजे घटकांची यादी. ब्रिटनमध्ये पाकीटबंद खाद्यपदार्थांवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव 'द्राक्षरस कॉन्सन्ट्रेट' असेल आणि सिरपचा पत्ता नसेल तर ठीक. पहिलं नाव ग्लुकोज सिरप, दुसरं सफरचंदाचा रस आणि द्राक्ष तिसऱ्या क्रमांकावर, तर त्याला मेर्लो (रेड वाइनच्या द्राक्षाची एक जात) म्हणणं हा विक्रेत्याचा आशावाद. विक्रेत्याने घटकांचा फोटोच दिला नसेल तर त्याला विचारा. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच.

महागड्या किटमध्ये दहा-चौदा लिटरची पिशवी येते. तिच्यात पूर्ण न आटवलेला रस मिसळलेला असतो. रस जितका आटवाल तितका त्याचा मूळ वास उडतो आणि साखर भाजल्यासारखी, मनुकांसारखी एक छटा येते. किटची वाइन पिणारे ती छटा डोळे मिटून ओळखतात. जास्त द्रव असलेल्या किटमध्ये ती कमी असते. रेडच्या चांगल्या किटमध्ये द्राक्षाच्या सालींची वेगळी पिशवीही असते, आणि रेडच्या बाबतीत माझ्या मते खरा फरक तिनेच पडतो. रेड वाइनला तुरटपणा आणि भरीवपणा लागतो, आणि तो आटवलेल्या रसाच्या छोट्याशा पाकिटातून येत नाही. म्हणून स्वस्तात रेड घेणं हा सगळ्यात वाईट सौदा. व्हाइट किंवा रोझे घ्या. तिथे थंड करून प्यायचं असतं, ताजेपणा आणि आंबटपणा मुख्य, पातळपणा बराचसा खपून जातो. तुमचं तीस पौंडांचं किट रेडचं आहे. आधी तिथेच बदल करा.

आता आतल्या छोट्या पुड्यांकडे येऊ. यीस्टच्या पुडीवर जातीचं नाव आणि तारीख असेल तर उत्पादकाने काही लपवून ठेवलेलं नाही असं समजा. ईसी-१११८ सारखी जात दिसली तर उत्तम. ती १० ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत काम करते, १८ टक्के अल्कोहोल सोसते आणि पाच ग्रॅमची पुडी २३ लिटरला पुरते. नुसतं 'वाइन यीस्ट' लिहिलेली बिनतारखेची पांढरी पुडी असेल तर वेगळी पुडी विकत घ्या. अगदी थोड्या पैशांचं काम आहे आणि अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

यीस्टच्या खाद्याची पुडी आहे का, हे मात्र नीट बघा. हा मुद्दा क्वचितच कोणी सांगतं. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो. तो द्राक्षरसात असतो, साखरेत नसतो. तीन-चतुर्थांश साखरेवर चाललेल्या बादलीत यीस्ट उपाशी पडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सोडतं. किट जितकं स्वस्त तितकी या खाद्याची गरज जास्त, आणि नेमक्या स्वस्त किटमध्येच ते गाळलेलं असतं. यादीत 'न्यूट्रिएंट' किंवा डायअमोनियम फॉस्फेट नसेल तर वेगळं मागवा.

तुमच्या बायकोचा प्रश्न निवळणीच्या पुड्यांशी निगडित आहे. वाइन स्वच्छ व्हावी म्हणून तिच्यात काही पदार्थ घालतात. ते गाळाला धरून तळाशी बसतात. बेंटोनाइट ही मुलतानी मातीच्याच जातकुळीतली माती, तिला हरकत नाही. कीझेलसॉल म्हणजे सिलिका, त्यालाही नाही. पण त्याच्या जोडीने येणारं कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेलं असतं. आयसिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून होतं. जिलेटिनचं मूळ प्राण्याच्या हाडा-कातड्यात. हे पदार्थ गाळाबरोबर मागे राहतात, पेल्यात जवळजवळ काही येत नाही, पण शाकाहारी माणसाचा आक्षेप तेवढ्याने जात नाही, आणि कवचाच्या माशांची ॲलर्जी असणाऱ्यालाही ते माहीत असायला हवं. 'व्हेगन' अशी खूण असलेलं किट घ्या, किंवा निवळणीची पुडी बाजूला ठेवून फक्त बेंटोनाइट वापरा आणि दोन महिने थंड जागी ठेवा. वाइन आपोआप निवळते, घाई असते ती आपल्याला. उरलेल्या पुड्यांमध्ये मेटाबायसल्फाइट (वाइन टिकवणारं सल्फाइट) आणि पोटॅशियम सॉर्बेट असतं. घरात कोणाला दमा असेल तर सल्फाइटचं ध्यानात ठेवा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची पुढची वाढ थांबवतं. त्यामुळे फसफस चालू असताना ते घालून वाइन गोड करायला जाणाऱ्यांच्या बाटल्यांची बुचं उडतात.

तारीख बघायला विसरू नका. कॉन्सन्ट्रेट नाशवंत वाटत नाही, पण गरम गोदामात पडून तो तपकिरी होत जातो आणि व्हाइटमध्ये ते लगेच कळतं. मोठ्या सवलतीत निघालेलं किट बहुधा तारीख जवळ आलेलं असतं. रेडला थोडं चालून जातं, व्हाइटला नाही.

'सात दिवसांत तयार' या दाव्यावर फार वेळ घालवू नका. भरपूर यीस्ट, ऊब आणि निवळणीची औषधं यांच्या जोरावर सात दिवसांत काहीतरी पिण्याजोगं होतं, इतकंच. महिना-सव्वा महिना बादलीत आणि पुढे तीन महिने बाटलीत ठेवलेलं तेच किट वेगळं लागतं. उलट, स्वस्त किटची वाइन वर्षानुवर्षं मुरवून काही हाती लागत नाही. वर्षाच्या आत संपवा.

आता रिव्ह्यू. 'छान पोचलं, पॅकिंग मस्त' वाले पाच तारे आधी बाजूला काढा, त्यांनी बाटली उघडलेलीच नसते. कित्येकदा एकाच पानावर रेड, व्हाइट, रोझे सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र असतात, त्यामुळे तुम्ही वाचताय ते तुमच्या किटबद्दल आहे का, ते तपासा. मी तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचतो. तिथे माणूस विचार करून लिहितो. ज्याने सुरुवातीची आणि शेवटची घनता आकड्यांत दिली आहे, किंवा चार महिन्यांनी परत येऊन भर घातली आहे, त्याचा एक रिव्ह्यू बाकीच्या पन्नासांना भारी.

'मोरीत ओतली' वाल्यांचं म्हणणं मात्र बारकाईने वाचा, कारण त्यातल्या बऱ्याच तक्रारी किटच्या नसतात. 'यीस्ट सुरूच झालं नाही' असं जानेवारीत लिहिलेलं असेल तर आधी त्या माणसाचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. रात्री हीटिंग बंद, बादली फरशीवर, तापमान पंधरा अंश. किटवर वीस ते पंचवीस लिहिलेलं असतं. 'एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतून) बुडबुडे येत नाहीत' म्हणजे बहुतेक वेळा झाकण नीट बसलेलं नाही आणि वायू कडेने जातोय. आत सगळं सुरळीत असतं. 'आंबट, जिभेला टोचते' हा विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. बाटलीत भरण्याआधी तो ढवळून काढायचा असतो आणि सूचनांतली ती पायरी लोक कंटाळून सोडतात. 'औषधासारखा वास' आला तर संशय नळाच्या पाण्यावर घ्या. इथल्या काही भागांत पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं आणि ते पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही. कॅम्पडेनची (म्हणजे मेटाबायसल्फाइटचीच) पाव गोळी २३ लिटर पाण्यात विरघळवली की काम झालं. क्लोरीनचं जंतुनाशक वापरून बादली नीट न विसळल्यानेही तसाच वास येतो. 'व्हिनेगर झालं' हा अस्वच्छतेचा आणि हवा लागण्याचा दोष, यात किट बिचारं निर्दोष. पण 'पाण्यासारखी', 'गोळीच्या सरबतासारखा कृत्रिम वास', 'मनुकांचा वास, रंग तपकिरी' या तक्रारी वारंवार दिसल्या तर त्या किटच्याच आहेत. तिथून निघा.

साहित्याच्या सेटमध्ये पैसे वाया घालवू नका, पण हलकंही घेऊ नका. बादलीच्या तळाशी ग्लास आणि काट्याचं चिन्ह असलं पाहिजे, म्हणजे ती अन्नासाठीची. तिची क्षमता तीस लिटरच्या आसपास हवी, कारण २३ लिटर वाइन पहिल्या तीन-चार दिवसांत फेसाळून वर चढते. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून ती एअरलॉकमार्गे गालिच्यावर येते, आणि गालिचा घरमालकाचा असतो. झाकणाच्या भोकातली रबरी चकती घट्ट आहे ना, तोटी असेल तर ती साध्या पाण्याने भरून रात्रभर गळते का, एवढं बघा. बूच ठोकायचा लाकडी ठोकळा सेटमध्ये फुकट येतो आणि त्याची किंमत तेवढीच आहे. दोन दांड्यांचं बूचयंत्र घ्या. किंवा सरळ स्क्रू टोपीच्या बाटल्या जमवा, स्वस्त किटला त्या शोभतात.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता आणि त्यावरून साखर मोजायचं साधन, मात्र मी स्वतः तपासल्याशिवाय वापरत नाही. स्वस्त सेटमध्ये याच्यातच खोट निघते. काचेच्या नळीत कागदाची पट्टी चिकटवलेली असते. ती वाटेत सरकते, आणि मग सगळे आकडे दोन-चार घरांनी चुकतात. उंच नळकांड्यात २० अंशांचं पाणी घ्या, हायड्रोमीटर अलगद सोडा, दोन बोटांनी गर्रकन फिरवा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. तो स्थिर झाला की डोळा पाण्याच्या पातळीत आणून, काचेशी वर चढलेली कड सोडून, मधल्या सपाट पाण्याच्या रेघेवरचा आकडा वाचा. १.००० यायला हवा. मग ५० ग्रॅम साखर विरघळवून पाणी बरोबर ५०० मिलिलिटरपर्यंत न्या आणि पुन्हा बुडवा. १.०३८ च्या आसपास आला तर पट्टी जागेवर आहे. पहिल्यात ०.९९७ आणि दुसऱ्यात १.०३५ आला तर फेकू नका, दरवेळी तीन घरं, म्हणजे ०.००३, मिळवा. दोन्हींत चूक वेगवेगळी असेल तर परत पाठवा.

हाच हायड्रोमीटर किटचा खरेपणाही सांगतो. कॉन्सन्ट्रेट, साखर, पाणी मिसळून झालं की यीस्ट घालण्याआधी घनता मोजा. बारा टक्क्यांच्या वाइनसाठी ती १.०८० ते १.०९० मध्ये असते. कमी आली तर विक्रेत्याला शिव्या घालण्याआधी पुन्हा ढवळा. जाड रस तळाशी बसून राहतो आणि वरच्या थरात हायड्रोमीटर १.०६० दाखवतो, हे मी नवख्यांच्या बादल्यांत कितीदा पाहिलं आहे. तळापासून पाच मिनिटं ढवळूनही आकडा कमीच असेल, तर पिशवीत लिहिल्यापेक्षा कमी साखर आहे. मग फोटोसकट तक्रार करा. शेवटी ०.९९० ते ०.९९६ यायला हवा आणि तीन दिवस तोच राहायला हवा. तो हलत असताना बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. दोन आकड्यांच्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. १.०८५ वरून ०.९९३ म्हणजे फरक ०.०९२, वाइन बारा टक्क्यांची.

पार्सल आल्यावर पहिल्या दिवशीच खोकं उघडा, परत करायची मुदत जायच्या आत. पिशवी फुगलेली असेल तर आत आंबायला सुरुवात झाली आहे, ती वापरायची नाही. कोपरे चिकट लागत असतील तर गळती आहे. यीस्टबद्दल शंका असेल तर पुडीतलं थोडंसं, साधारण अर्धा चमचा, कोमट म्हणजे ३५ ते ३८ अंशांच्या पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर टाका. वीस मिनिटांत वर साय धरल्यासारखा फेस आला नाही तर ते मेलेलं आहे.

आईंच्या भीतीला अर्थ आहे, पण ती वेगळ्या दारूची आहे. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेली दारू होती. द्राक्ष आंबवताना मिथेनॉल तयार होतं खरं, फळातल्या पेक्टिनपासून, पण अगदी नगण्य. बाजारातल्या कुठल्याही वाइनमध्ये ते तितकंच असतं. आंबवलेली वाइन ऊर्ध्वपातन करून कडक करायच्या फंदात मात्र पडू नका. परवान्याशिवाय ते इथेही बेकायदा आहे आणि धोकाही तिथेच आहे. आईंना सांगा की वसईत नाताळाला घरोघरी काळ्या द्राक्षांची वाइन होते, त्याच जातीचं हे काम आहे.

पुण्यात मात्र करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि 'घरच्यापुरतंच केलं' हा त्यातला अपवाद नाही. भारतात ऑनलाइन 'वाइन मेकिंग किट' म्हणून जे विकतात त्यात बहुधा यीस्ट, एअरलॉक, हायड्रोमीटर आणि पुड्या असतात, रस नसतोच. ती वस्तू उघड विकली जाते म्हणून तिच्यापासून वाइन करणं कायदेशीर ठरत नाही. तिथे नाशिकची विकत घ्या.

राहता राहिला तुमचा निर्णय. पहिल्या खेपेला ऐंशी पौंडांचं घेऊ नका, कारण हात बसेपर्यंत चूक किटची की तुमची हे कळणार नाही. त्याच तीस पौंडांत मिळणारं व्हाइटचं किट घ्या, आणि सूचनांत २३ लिटर लिहिलं असलं तरी १८ लिटरच करा. १.७ किलो कॉन्सन्ट्रेट असेल तर साखर साडेतीनऐवजी अडीच किलो घाला. अल्कोहोल बारा टक्केच येईल, द्राक्षाचा वाटा पावावरून जवळजवळ एक तृतीयांशावर जाईल आणि बाटल्या चोवीस मिळतील. आंबटपणा थोडा वाढेल, व्हाइटला तो चालतो. आणखी अंग हवं असेल तर सुपरमार्केटमधला पांढऱ्या द्राक्षांचा रस तीन लिटर घाला, तेवढं पाणी कमी करा आणि साखर अर्धा किलो कमी करा. डब्यावर सॉर्बेट किंवा बेंझोएट लिहिलेलं नसलं पाहिजे, नाहीतर यीस्ट उठणारच नाही. घरून आणलेला तासगावचा बेदाणा पडून असेल तर रसाऐवजी अर्धा किलो तोही चालेल. त्याला वाळवताना लावलेलं तेल असतं, म्हणून गरम पाण्याने दोनदा धुवा, जाडसर चिरा, जाळीच्या पिशवीत बांधून बादलीत सोडा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिळून काढा. त्या वेळी साखर तीनशे ग्रॅम कमी. एप्रिल-मेमध्ये सुरू केलंत तर हीटिंगचा प्रश्न येत नाही, आणि दिवाळीच्या आधी बाटल्या उघडता येतात.